पाळण्यातील नागरिक

(मूल जन्माला आले की ते आपल्या देशाचे नागरिक कसे होते? सर्वांना एकच नियम लागू आहे का? जन्माचा दाखला कशासाठी जपायचा? रत्नागिरीतील एका घरातील चार पिढ्यांच्या जन्मतारखांवरून या प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत पाठात दिली आहेत.)

आमच्या घरी नवी पाहुणी आली, त्याला त्या दिवशी पाच दिवस झाले होते. पाहुणी म्हणजे भाईजानची मुलगी. तिचे नाव अजून ठरले नव्हते. सातव्या दिवशी अकीका होता. तोपर्यंत जो तो तिला आपल्या आवडीच्या नावाने हाक मारत होता.

सरकारी रुग्णालयातून येताना भाईजानला एक अर्ज मिळाला होता. आईवडिलांची नावे, पत्ता, जन्माची तारीख आणि वेळ, अशी माहिती त्यात भरून तो रुग्णालयातील नोंदणी कक्षात परत द्यायचा होता. माझे मराठी अक्षर घरात सर्वांत चांगले, म्हणून तो अर्ज माझ्याकडे आला. पहिलीच चौकट होती ‘बालकाचे नाव’. मी पेन खाली ठेवले.

“राहू दे,” भाईजान म्हणाला, “नाव ठरलं की भरू. घाई काय आहे?”

इतक्यात शेजारचे नाना आले. आपल्या उर्दूत ‘नाना’ म्हणजे आईचे वडील. पण या नानांना सारा मोहल्लाच नाना म्हणतो. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात त्यांनी तीस वर्षे कारकुनी केली आणि मग ते सेवानिवृत्त झाले. भाभीसाठी त्यांनी डिंकाचे लाडू आणले होते. माझ्यासमोरचा अर्धवट अर्ज पाहून ते म्हणाले, “नाव ठरलं नाही म्हणून नोंद थांबवू नका. एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद झाली पाहिजे. नावाची चौकट रिकामी राहिली तरी चालते. नाव पुढे बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं.”

“आणि एकवीस दिवस उलटले तर?” मी विचारले.

“तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर वर्षभरापर्यंत अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. वर्षही उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. आज अर्ध्या तासाचं काम आहे, ते पुढे वर्षाचं होऊन बसतं. आता तर दाखल्याचं महत्त्व फारच वाढलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत प्रवेश, मतदार यादी, वाहन चालवण्याचा परवाना, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारीख आणि जन्मठिकाण याच दाखल्यानं सिद्ध करावं लागेल.”

दादी खिडकीपाशी बसून तसबीह फिरवत होती. ती अचानक म्हणाली, “नाना, या पोरीचा कागद पाचव्या दिवशी तयार होतो आहे. माझा कागद तर कुठेच नाही. मी बांद्याला घरातच जन्मले. माझी नोंद कोण करणार? मग मी कुठली? या मुलखाची, की कुठलीच नाही?”

आम्ही सगळे हसलो. दादी हसली नाही. तिच्या बोटांतली तसबीह थांबली होती.

नानाही हसले नाहीत. ते खुर्ची ओढून दादीजवळ बसले. “मावशी, हा प्रश्न हसण्यासारखा नाही,” ते म्हणाले. “याचं उत्तर मी तुम्हाला देतो. मुली, एक कोरा कागद घे आणि मी सांगतो तसं लिही.”

नानांनी विचारले, घरच्यांनी सांगितले आणि मी लिहिले :

दादी – १९४१, बांदा
अब्बा – १९६८, रत्नागिरी
भाईजान – १९९५, रत्नागिरी
मी – २०१०, रत्नागिरी
बाळ – पाच दिवसांपूर्वी, रत्नागिरी

“पाहा,” नाना म्हणाले, “घर एक, देश एक, पण या पाच जणांना कायद्याचे वेगवेगळे नियम लागू होतात. आपण एकेक पाहू.”

त्यांनी आधी एक मूळ गोष्ट सांगितली. मूल जन्मते तेव्हा त्याला नागरिकत्व दोन वाटांनी मिळू शकते. एक वाट मातीची. ज्या देशाच्या भूमीवर जन्म झाला, त्या देशाचे नागरिकत्व. दुसरी वाट रक्ताची. आईवडील ज्या देशाचे, त्या देशाचे नागरिकत्व, मग जन्म कोठेही होवो. काही देश मातीला अधिक महत्त्व देतात, काही रक्ताला. भारताने सुरुवात मातीपासून केली आणि पुढे हळूहळू तिच्याबरोबर आईवडिलांचाही विचार सुरू केला.

“मावशी, पहिला मान तुमचा,” नाना म्हणाले. “तुम्ही जन्मलात तेव्हा भारताची राज्यघटनाच नव्हती. बांदा तेव्हा सावंतवाडी संस्थानात होतं. त्या वेळी आपण सगळे कुणाची तरी प्रजा होतो. कुणी इंग्रजांची, कुणी संस्थानिकांची. नागरिक कुणीच नव्हतं. मग देश स्वतंत्र झाला. संस्थानं भारतात विलीन झाली आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. त्या घटनेच्या पाचव्या अनुच्छेदात लिहिलं आहे, की ज्याचा अधिवास, म्हणजे कायमचं घर, भारतात आहे आणि जो स्वतः भारताच्या भूमीवर जन्मला आहे, तो भारताचा नागरिक होईल. स्वतःचा जन्म इथला नसेल, पण आई किंवा वडील इथे जन्मले असतील, तरी चालेल. तेही नसेल, तर घटना अमलात येण्यापूर्वी निदान पाच वर्षं त्याचं वास्तव्य इथे असावं. तुमच्या वडिलांचं घर बांद्याला, तुमचा जन्म बांद्याला. २६ जानेवारी १९५० च्या सकाळी तुम्ही लहान मुलगी होतात. कदाचित अंगणात खेळत असाल. त्याच सकाळी तुम्ही भारताच्या नागरिक झालात. तुम्हाला कुठे अर्ज करावा लागला नाही.”

“मला कुणी सांगितलंही नाही,” दादी म्हणाली. या वेळी ती किंचित हसली.

नाना पुढे म्हणाले, “हा अनुच्छेद लिहिणं सोपं नव्हतं. देशाची फाळणी झाली होती. लाखो माणसं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेली होती. कुणाला नागरिक म्हणायचं यावर ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत तीन दिवस चर्चा झाली. या कलमानं मसुदा समितीला फार त्रास दिला, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच सभागृहात सांगितलं. आपल्या विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख म्हणाले, की अशानं भारताचं नागरिकत्व फारच स्वस्त होईल. परदेशी बाई मुंबई बंदरात आली आणि इथे बाळंत झाली, तर त्या बाळालाही नागरिक म्हणायचं का, अशी त्यांची शंका होती. नागरिकत्वाच्या नियमात धर्माचं नाव घालावं, अशीही दुरुस्ती मांडली गेली. सभेनं ती स्वीकारली नाही. पुढचे सविस्तर नियम करण्याचा अधिकार घटनेनं संसदेला दिला आणि संसदेनं १९५५ साली नागरिकत्व कायदा केला.”

“त्या कायद्यात माझा नंबर लागतो ना?” अब्बांनी विचारले.

“लागतो, आणि अगदी सोप्या नियमानं. त्या कायद्याचं कलम तीन जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वाचं आहे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला, तो भारताचा नागरिक. आईवडील कोण, हे विचारायचं कारणच नाही. अपवाद दोनच. परदेशाच्या राजदूतासारख्या अधिकाऱ्याचं मूल, आणि शत्रूनं व्यापलेल्या भागात शत्रुराष्ट्राच्या माणसाला झालेलं मूल.”

भाईजान पुढे सरकला. “मग माझ्या वेळी काय बदललं? मीही रत्नागिरीतच जन्मलो.”

“तुझ्या जन्माआधी कायद्यात दुरुस्ती झाली होती,” नाना म्हणाले. “बांगलादेश, श्रीलंका आणि आफ्रिकेतील काही देशांतून लोक परवानगीशिवाय भारतात येत होते. आसामात या प्रश्नावर मोठं आंदोलन झालं आणि १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला. त्यानंतर १९८६ साली संसदेनं कलम तीन बदललं. १ जुलै १९८७ पासून नुसता भारतात जन्म पुरेसा राहिला नाही. मुलाच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण तरी भारताचा नागरिक असला पाहिजे. तुझे अब्बा नागरिक, तुझी अम्मी नागरिक. म्हणून तूही नागरिक.”

“आणि मी?” मी विचारले. आता मला आपली पाळी कधी येते असे झाले होते.

“तुझ्या वेळी नियम आणखी कडक झाला. २००३ साली संसदेनं पुन्हा दुरुस्ती केली. ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू आहे. त्या दिवसापासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आई आणि वडील दोघेही नागरिक असले पाहिजेत. किंवा एक जण नागरिक असेल, तर दुसरा निदान बेकायदेशीर स्थलांतरित नसावा. म्हणजे योग्य कागदपत्रांशिवाय आलेला किंवा मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी नसावा. तुला आणि या बाळाला हाच नियम लागू आहे.”

मी कागदावर प्रत्येक नावापुढे नियम लिहिला. दादीपुढे ‘राज्यघटना’, अब्बांपुढे ‘जन्म’, भाईजानपुढे ‘जन्म आणि एक पालक’, माझ्या आणि बाळाच्या पुढे ‘जन्म आणि दोन्ही पालक’. एखाद्या जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसे ते दिसत होते.

भाभी पलंगावरून म्हणाली, “नाना, माझं माहेर मडगावचं. माझे दादा १९४० साली तिथे जन्मले. तेव्हा तर गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं. आणि राज्यघटना आली तेव्हाही ते भारतात नव्हते.”

“वा! हा चांगला प्रश्न विचारलास,” नाना म्हणाले. “गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. नवा प्रदेश भारतात आला, की तिथल्या लोकांपैकी कोण नागरिक होतील, हे केंद्र सरकार आदेश काढून ठरवतं. गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी असा आदेश मार्च १९६२ मध्ये निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो त्या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कुणी तिथे जन्मलं, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाला. ज्याला दुसरं नागरिकत्व ठेवायचं होतं, त्याला तसं एका महिन्यात लेखी कळवण्याची मुभा होती. तुझे दादा असे नागरिक झाले. तुझे वडील पुढे स्वतंत्र गोव्यात जन्मले; म्हणजे भारतातच जन्मले.”

“मग दुबईच्या चाचाच्या मुलाचं काय?” मी विचारले. “तो तर भारतात जन्मलाच नाही.”

“तिथे मातीची वाट उपयोगाची नाही,” नाना म्हणाले. “परदेशी आईवडिलांचं मूल तिथे जन्मलं, म्हणून त्याला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. त्याच्यासाठी रक्ताची वाट आहे. आपल्या कायद्याचं कलम चार वंशानं मिळणाऱ्या नागरिकत्वाचं आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारताचे नागरिक असतील, तर तेही भारताचं नागरिक होऊ शकतं. मात्र ३ डिसेंबर २००४ पासून एक अट आहे. जन्मापासून एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद केली पाहिजे आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून दिलं पाहिजे.”

“म्हणूनच तेव्हा भाऊ इतकी धावपळ करत होता,” अब्बा म्हणाले.

नाना अम्मीकडे वळून म्हणाले, “आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत पूर्वी फक्त वडिलांचंच नागरिकत्व मोजलं जाई. आई भारतीय आणि वडील परदेशी असले, तर त्या मुलाला ही वाट बंद होती. १० डिसेंबर १९९२ पासून ही चूक सुधारली. आता आईचं नातंही वडिलांच्या नात्याइतकंच धरलं जातं.”

“आईचं नातं ओळखायला कायद्याला इतकी वर्षं लागली!” अम्मी म्हणाली.

भाईजान मघापासून काहीतरी विचार करत होता. तो म्हणाला, “नाना, २०१९ साली नागरिकत्वाच्या कायद्यावरून एवढी चर्चा झाली. त्यानं या नियमांत काही बदललं का?”

नाना शांतपणे म्हणाले, “ती दुरुस्ती बाहेरून आलेल्या लोकांविषयी आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी तिनं वेगळी तरतूद केली. त्यावर देशात मोठा वाद झाला. पण आपण बोलतो आहोत ते कलम तीन, म्हणजे इथे जन्मलेल्या मुलांचं कलम. त्याचे शब्द त्या दुरुस्तीनं बदललेले नाहीत. कलम तीन पुन्हा पुन्हा वाचलंत तरी त्यात तीनच प्रश्न सापडतील. जन्म कुठे झाला? कोणत्या तारखेला झाला? आणि त्या वेळी आईवडील कोण होते, म्हणजे नागरिक होते की परदेशी? बाळाचा धर्म कोणता, जात कोणती, घरात भाषा कोणती बोलतात, बाळ मुलगा की मुलगी, घर बंगल्यात की झोपडीत, हे ते कलम विचारत नाही.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. पाळण्याची दोरी तेवढी करकरत होती.

दादी म्हणाली, “नाना, हे सगळं समजलं. पण माझा कागद नाही तो नाहीच.”

“मावशी, नागरिक कागद बनवत नाही, कायदा बनवतो,” नाना म्हणाले. “कागद फक्त साक्ष देतो. साक्षीदार नसला म्हणून खरी गोष्ट खोटी होत नाही. पण साक्षीदार हजर असला, की खरी गोष्ट लवकर पटते. तुमच्या काळी गावोगाव नीट नोंदी होत नव्हत्या. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा सबंध देशासाठी एकच कायदा झाला तो १९६९ साली. म्हणून तुमच्या वयाच्या पुष्कळ माणसांकडे जन्माचा दाखला नाही. तुम्ही शाळेत गेला होता का?”

“चौथीपर्यंत. बांद्याच्या उर्दू शाळेत.”

“मग झालं तर! शाळेच्या जुन्या रजिस्टरात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण लिहिलेलं असतं. त्याचा उतारा मागवू या. शाळा सोडल्याचा दाखला हाही एक साक्षीदारच आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “आणि मुली, तू एक लक्षात ठेव. जन्माचा दाखला जन्माची तारीख आणि जागा सांगतो; आईवडील नागरिक होते की नाही, हे तो सांगत नाही. १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी तेही महत्त्वाचं आहे. म्हणून मुलांच्या दाखल्याबरोबर आईवडिलांचेही कागद जपून ठेवावेत. आणि नावं सगळीकडे एकसारखी लिहावीत.”

नानांचे हे शेवटचे वाक्य ऐकून अब्बांनी कपाटातून आपली कागदांची पिशवी काढली. आम्ही कागद जुळवू लागलो. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आधी आणि नाव नंतर होते. दुसऱ्या एका कागदावर नाव आधी आणि ‘शेख’ नंतर. एका ठिकाणी तर आजोबांचे नाव एक अक्षर गाळूनच लिहिले होते. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना नावाची अक्षरे वाटेत सांडतात, हे मला त्या दिवशी कळले. ती सांडू नयेत म्हणून मी अर्ज अगदी सावकाश भरला. भाईजानच्या आणि भाभीच्या नावाचे एकेक अक्षर त्यांच्या दाखल्यांशी ताडून पाहिले.

लिहिता लिहिता माझ्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अर्ज, तारीख, दाखला, मुदत, कायदा, हक्क, मसुदा, हजर हे शब्द मी मराठीच्या तासाला शिकते आणि घरी रोज उर्दूतही ऐकते. मी हे नानांना सांगितले. ते म्हणाले, “शब्द गावोगाव फिरतात आणि जिथे राहतात तिथले होऊन जातात. त्यांना कुणी दाखला मागत नाही!”

दुसऱ्या दिवशी भाईजानने अर्ज नोंदणी कक्षात दिला. नावाची चौकट रिकामी होती. सातव्या दिवशी अकीका झाला आणि नाव ठरले. दादीनेच ते सुचवले होते. ते तिच्या आईचे नाव होते. थोड्या दिवसांनी भाईजानने जाऊन ते नोंदवले आणि जन्माचा दाखला घरी आणला.

त्याच आठवड्यात अब्बा बांद्याला जाऊन आले. शाळेच्या जुन्या रजिस्टरातील पाने पिवळी पडली होती. पण दादीची ओळ शाबूत होती. नाव, वडिलांचे नाव, जन्म १९४१, ठिकाण बांदा. मुख्याध्यापकांनी त्या ओळीचा उतारा सहीशिक्क्यानिशी दिला. दादीला तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. मी वाचत असताना ती मान हलवत होती.

मग तिने बाळाचा दाखला मागितला. त्यावरचे नाव मी मोठ्याने वाचले. दादी म्हणाली, “माझ्या आईचं नाव आजपर्यंत कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं. आता आलं.”

तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले, त्यांची घडी न करता ते पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवले आणि पेटीची किल्ली माझ्या हातात दिली.

शब्दार्थ

नागरिकत्व – देशाचा नागरिक असणे (शहरियत)
राज्यघटना – देशाचा मूळ कायदा (दस्तूर, आईन)
अनुच्छेद – राज्यघटनेतील कलम (दफा)
मसुदा – कच्चा लेख (मुसव्वदा)
दुरुस्ती – कायद्यातील बदल (तरमीम)
अधिवास – कायम राहण्याचे ठिकाण
वास्तव्य – राहणे (सुकूनत)
वंश – कूळ, पिढी (नसल)
वकिलात – परदेशातील आपल्या सरकारचे कार्यालय (सिफारतखाना)
स्थलांतरित – एक ठिकाण सोडून दुसरीकडे राहायला गेलेला
तरतूद – कायद्यात करून ठेवलेली सोय
विलंब – उशीर (ताखीर)
शाबूत – न बिघडलेले, सुरक्षित (साबित)

वाक्प्रचार

मान हलवणे – संमती दाखवणे
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
ध्यानात येणे – लक्षात येणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाळाच्या जन्माची नोंद किती दिवसांच्या आत करावी?
(आ) भारताची राज्यघटना कोणत्या दिवशी अमलात आली?
(इ) नागरिकत्व कायद्याचे कोणते कलम जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे आहे?
(ई) बाळाला कोणाचे नाव ठेवले?

प्र. २. योग्य जोड्या लावा.
‘अ’ गट : (१) दादी (२) अब्बा (३) भाईजान (४) चाचाचा मुलगा
‘ब’ गट : (अ) भारतात जन्म आणि एक पालक नागरिक (आ) वंशाने नागरिकत्व (इ) राज्यघटनेचा पाचवा अनुच्छेद (ई) फक्त भारतात जन्म

प्र. ३. प्रत्येकी तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भाभीच्या आजोबांना भारताचे नागरिकत्व कसे मिळाले?
(आ) १९८६ साली कलम तीन का बदलले आणि त्यात कोणता बदल झाला?
(इ) परदेशात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत १० डिसेंबर १९९२ पासून कोणता बदल झाला?

प्र. ४. “कागद फक्त साक्ष देतो” या नानांच्या म्हणण्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा. तरीही कागद का जपावा, ते लिहा.

प्र. ५. पाठातील ‘अर्ज’, ‘मुदत’, ‘दाखला’ यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : आपल्या घरातील तीन पिढ्यांच्या जन्माचे वर्ष व ठिकाण विचारून वहीत लिहा. प्रत्येकाला कोणता नियम लागू होतो, ते शिक्षकांच्या मदतीने ठरवा. घरातील दाखल्यांवर सर्वांची नावे एकसारखी लिहिली आहेत का, ते पाहा.